पहिल्या रांगेतले कोट

तीर्थस्वरूप वहिनी,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. (कंबर पुन्हा धरली आहे, तेव्हा साष्टांग कागदावरच समजून घ्या, प्रत्यक्षात खुर्चीत तिरका बसून लिहितोय.) तुमचा खांदा आता कसा आहे? हात वर जातो का? वरच्या फळीवरचे डबे दादाला काढायला सांगत जा, तो उंच आहे आणि आता निवृत्तही. त्याची झोप, त्याची शुगर आणि सकाळचा पेपर आधी स्वतःच उघडायचा त्याचा हट्ट, तिन्ही जिथल्या तिथे असतील असं धरून चालतो. माझं छान चाललंय. लाँड्री चालू आहे, वाफेची इस्त्री चालू आहे, आणि मी अजून गातो आहे. या शेवटच्या बातमीवर तुमच्या टेबलाच्या पलीकडून जो हुंकार निघाला असेल तो मला इथे ऐकू आला.

फोन सोडून पत्र का, ते तुम्हाला माहीतच आहे. मी फोन केला की दादा उठून बाल्कनीत झाडांना पाणी घालायला जातो. तुम्हीच म्हणालात, झाडं कुजायला लागली आहेत. पत्र आलं की मात्र तुम्ही ते जेवणाच्या टेबलावर मोठ्याने वाचता, आणि तो टीव्हीचा आवाज बंद करून नुसत्या चित्राकडे बघत बसतो. म्हणजे मी घरी 'ते' सांगितल्यापासून गेली तीन वर्षं माझं जे काही त्याच्या कानावर पडतं ते तुमच्या आवाजात. तक्रार नाही, तुमचा आवाज माझ्यापेक्षा बरा आहे. आणि त्याचेही निरोप येतातच की तुमच्यामार्फत. त्याला सांग, गाडीचे ब्रेक बघून घे. त्याला सांग, दुकानाचा विमा संपत आला असेल. मागे मी जेवायला आलो होतो तेव्हा तर मी समोर बसलेला असताना तो तुम्हाला म्हणाला, त्याला विचार, अजून भात हवा का. मीही तुम्हालाच म्हणालो, त्याला सांगा, हवा. (पातेलं मात्र त्यानेच पुढे सरकवलं. मी बघितलं.)

तर सांगायचं असं की गेल्या महिन्यात आमच्या वृंदाचा कार्यक्रम झाला. तुम्ही 'बघू' म्हणाला होता, आणि दोघंही आला नाहीत, आणि ते फार बरं झालं. का बरं झालं एवढंच सांगायला हे पत्र आहे. मागायचं काही नाही.

आधी हा वृंद काय प्रकार आहे ते नीट सांगतो. समलिंगी पुरुषांचा गायकवृंद. हेच नाव, आडपडदा न ठेवता, पाटीवरही आणि हॉलच्या पावतीवरही. मी त्यात शिरलो ते शर्टांमुळे. आमच्या गल्लीतले दातांचे डॉक्टर एकदा काळ्या शर्टांचा ढीग घेऊन दुकानात आले. मी (माझा नेहमीचा आगाऊपणा) विचारलं, कुठल्या हॉटेलचे वेटर? ते हसले आणि त्यांनी खरं ते सांगितलं, अगदी माझ्या डोळ्यांत बघून. शर्ट पोचवायला मी त्यांच्या तालमीला गेलो. एका शाळेचा चित्रकलेचा वर्ग, भिंतीवर मुलांनी काढलेली केळी आणि सफरचंदं, आणि छोट्या बाकांवर गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेले मोठमोठे बाप्ये. दोन ओळी गात होते आणि चार मिनिटं भांडत होते. मी दारात उभा राहिलो तो हलेचना. शेवटी त्यांचं गाणं बसवणारे मास्तर म्हणाले, एकतर आत या नाहीतर बाहेर जा, वारा येतोय. मी आत गेलो. वहिनी, त्या आठवड्यात मी दुकानातल्या गिऱ्हाइकांशिवाय कुणाशी बोललोच नव्हतो, म्हणून गेलो. गाण्याची आवड वगैरे नंतर चिकटवलेलं कारण आहे.

आपल्या घरातला गळा सगळा दादाने घेतला हे जगजाहीर आहे. मी न्हाणीघरात गायला लागलो की तो बाहेरून दार वाजवायचा, आणि माझ्या आवाजाला त्याने जे नाव ठेवलं होतं ते इथे लिहीत नाही, तुम्ही वाचताना अडखळाल. मास्तरांनी मला एक सूर लावायला सांगितला. मी लावला. ते जमिनीकडे बघत म्हणाले, हा आमच्याकडे नव्हता. मग मला खालच्या आवाजाच्या रांगेत अगदी टोकाला, खांबाच्या आड उभं केलं. मी म्हटलं, मला येत नाही हो गाता. तर म्हणाले, आम्ही माणूस आधी घेतो, आवाज मागून येतो, काहींचा वीस वर्षांनी आला. माझ्या कागदावर त्यांनी लाल पेनाने ठिकठिकाणी गोल काढून दिले आहेत. जिथे गोल तिथे मी गप्प बसायचं. गोल पुष्कळ आहेत.

आणि तालीम म्हणजे निम्मं गाणं, निम्मा संसार. कुणाला घरमालकाने खोली सोडायला सांगितली, कुणाची आई फोन उचलत नाही, कुणाचं ऑपरेशन आहे आणि सही करायला जवळचं कोणी नाही, हे सगळं दोन गाण्यांच्या मधे ठरतं. वरच्या आवाजाच्या रांगेत दोन नर्स आहेत, म्हणून दवाखान्याचं काम तिकडे. खालच्या रांगेकडे सामान हलवणं आणि गळके नळ. माझी कंबर पहिल्यांदा धरली तेव्हा आमच्या रांगेतल्या प्लंबरने आठवडाभर माझं दुकान सांभाळलं. दोन पँटी जाळल्या आणि एका नवरदेवाच्या कोटाला भलत्याच माणसाची बटणं लावून दिली, तो भाग वेगळा. मला फार बरं वाटलं होतं, एवढं मात्र लिहितो.

आता कार्यक्रमाचा दिवस. दुकान बंद करून जायला मला उशीर झाला. बाकीचे सगळे मागच्या खोलीत गळा तापवत होते, हॉल रिकामा. मी प्रेक्षकांच्या बाजूने आत शिरलो आणि बघतो तर काय, पहिल्या रांगेत खुर्च्याखुर्च्यांवर कोट टाकलेले. एकाची कॉलर मुडपलेली, एकाचं अस्तर बाहेर, एक तर असा चुरगळलेला की बघवेना. तुम्ही दुधावर साय धरलेली बघून गप्प बसू शकता का? तसं माझं कोटांचं आहे. मनात म्हटलं, कलावंत मंडळी, कोट काढले आणि फेकले लोकांच्या खुर्च्यांवर, प्रेक्षकांनी बसायचं कुठे? आणि लगेच दुसरा विचार आला, की आपण यांच्यासाठी आजवर केलं काय? खांबाआड उभं राहून तोंड उघडतो आणि मिटतो. आज आपली विद्या दाखवायची. दुकान हॉलच्या मागच्याच बोळात. सगळे कोट दोन फेऱ्यांत उचलून नेले, बॉयलर पेटवला आणि एकेकाला कडक इस्त्री मारली. एक जुना तपकिरी कोट होता, फार मोठ्या मापाचा, त्याच्या बाहीवर चहाचा डाग होता. जुनाट, हट्टी. तो डाग मी काढला. असा काढला की कोट नवा वाटावा. मध्यंतरात सगळ्यांना चकित करायचं असं ठरवून, स्वतःवर खूश होत, मी मागच्या दाराने येऊन रांगेत उभा राहिलो.

पडदा वर गेला. पहिली रांग भरलेली होती.

आता तुम्ही म्हणाल, रांग भरली तर चांगलंच की. मलाही तसंच वाटलं. पण माझ्या शेजारच्या प्लंबरने असा श्वास घेतला की जणू कुणी पाठीत गुद्दा घातला. मास्तरांनी हात उचलला आणि कुणी गायलंच नाही. त्यांनी वळून प्रेक्षकांकडे बघितलं, आणि त्यांचाही हात तिथेच राहिला. मग पुन्हा उचलला, आणि गाणं कसंबसं सुरू झालं, चार दिशांनी. रंगमंचावरचे दिवे डोळ्यांवर येतात, वहिनी, समोरची माणसं म्हणजे नुसते आकार दिसतात. दातांचे डॉक्टर एका टोपीवाल्या आकाराकडे टक लावून गात होते आणि त्यांच्या गालांवरून पाणी वाहत होतं. नर्सपैकी एकाचा सूर मधेच तुटला आणि दुसऱ्याने त्याचा हात धरला. मला काही कळेना. मला वाटलं, कला म्हणतात ती हीच.

आणि तेवढ्यात मला दादा दिसला. टोकापासून चौथी खुर्ची. उंच, हाताची घडी, मान किंचित तिरकी, आणि नजर आमच्याकडे नाही, वर छताच्या पंख्याकडे. असा या जगात दुसरा कोण बसतो? माझ्या छातीत काय झालं ते मला लिहिता येत नाही, म्हणून पुढे काय झालं ते लिहितो. तिसऱ्या गाण्यात एक जागा आहे, तिथे सगळे एकदम थांबतात. दोन श्वास पूर्ण शांतता. मास्तर म्हणतात, सगळं गाणं त्या शांततेसाठीच आहे. माझ्या कागदावर तिथे सर्वांत मोठा लाल गोल आहे. त्या शांततेत मी गायलो. एकटा, मोठ्याने, आणि तो सूर त्या गाण्यातला नव्हताच. पंख्याकडची ती मान खाली आली आणि सरळ माझ्याकडे वळली. वहिनी, मला लाज वाटायला हवी होती. मला आनंद झाला.

मध्यंतरात दिवे लागले, आणि बघतो तर ती सगळी भलतीच माणसं. त्याच इमारतीत वरच्या मजल्यावर गुडघेदुखीवर व्याख्यान होतं. लिफ्ट बंद. गुडघेदुखीवाले जिने कसे चढणार? (हे व्याख्यान ज्याने वरच्या मजल्यावर ठेवलं त्याला भेटायची माझी फार इच्छा आहे.) ती मंडळी तळमजल्यावरच्या आमच्या हॉलमध्ये शिरली, आणि पहिली रांग मोकळी दिसल्यावर बसली. त्यांच्यातल्या एका काठीवाल्या बाईंनी दारावरची पाटी सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवली होती आणि वर म्हणाल्या होत्या, असू दे, खुर्च्या चांगल्या आहेत. दातांच्या डॉक्टरांचा टोपीवाला म्हणजे निवृत्त पोस्टमन निघाला. आणि माझा दादा म्हणजे जमीन मोजणी खात्यातले एक गृहस्थ, एका कानाने बहिरे, म्हणून मान तिरकी. त्यांनी मला मुद्दाम गाठून विचारलं, मधे एकटं कोण गायलं हो? छान होतं, तेवढंच मला ऐकू आलं.

अशा वेळी मी आत आलो. कोट टांगलेली चाकांची दांडी ढकलत, प्रत्येक कोट प्लास्टिकच्या पिशवीत, प्रत्येकाला चिठ्ठी टाचलेली, आणि माझं तोंड हे एवढं हसरं. मागच्या खोलीत सगळे त्या पिशव्यांकडे बघत राहिले. मी म्हटलं, पैसे नकोत हं.

आमच्यात सगळ्यांत वयस्क आहेत त्यांना आम्ही थोरले म्हणतो. पूर्वी वायरमन होते. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि जे सांगितलं ते इतकं जुनं आहे की नव्या माणसाला सांगायला हवं हे कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं. चाळीसएक वर्षांपूर्वी हे लोक एका बेकरीच्या वरच्या खोलीत खिडक्या लावून जमायचे. गाण्यासाठी नव्हे, एकमेकांना भेटण्यासाठी. पण एवढे पुरुष एका खोलीत कशाला जमले, असं कुणी विचारलं तर उत्तर हवं, म्हणून गाणं. मग गाणं खरंच यायला लागलं. नावात तो शब्द घालायचा की नाही यावर वर्षभर भांडण झालं. घातला, आणि तीन हॉल हातचे गेले. चौथा मिळाला तेव्हा पहिली रांग घरच्यांसाठी ठेवली. घरचं कोणी आलं नाही. रंगमंचावरून ती रिकामी रांग बघून घशातून आवाज निघेना, तेव्हा एकाने खाली उडी मारून आपला कोट एका खुर्चीवर ठेवला. त्याच्यामागून सगळ्यांनी. तेव्हापासून ज्याच्या घरचं कोणी येत नाही त्याचा कोट त्याच्या खुर्चीवर असतो. कुणी आलंच, तर ते कोट उचलून मांडीवर घेतात आणि बसतात. म्हणून त्या दिवशी पडदा वर गेल्यावर प्रत्येकाने आपापली खुर्ची शोधली, तिथे कोट नाही, माणूस आहे असं बघितलं, आणि ज्याला जो हवा होता तो त्याला दिसला.

थोरले पुढेही बोलले. मधे एड्सची वर्षं आली. तेव्हा नवी गाणी बसवायलाच वेळ नसायचा, कारण आज या दवाखान्यात जाऊन म्हणायचं आणि उद्या त्या स्मशानात. जिथे घरच्यांनी पाठ फिरवली तिथे हेच घरचे. जिथे घरच्यांनी येऊ नका म्हणून सांगितलं तिथे हे फाटकाबाहेर उभं राहून गायले. खालच्या आवाजाची अख्खी रांग त्यात गेली, एकटे थोरले उरले. दुसऱ्या शहरांतही असे वृंद आहेत, त्यांचीही कहाणी थोड्याफार फरकाने हीच, अधूनमधून एकमेकांकडे गायला जातात. लोक विचारतात, आता काळ बदलला, मग वेगळा वृंद कशाला? थोरले म्हणाले, काळ बदलला हे खरं, पूर्वी सगळी रांग कोटांची असायची, आता निम्मी असते. मग त्यांनी दांडीवरचा तो मोठा तपकिरी कोट काढून मांडीवर घेतला. तो त्यांचा नव्हताच. त्यांच्यासोबत जे राहायचे त्यांचा होता, त्या वर्षांत गेलेले. चहाचा डाग त्यांच्याच हातचा, आणि तो मी काढला होता. थोरले बराच वेळ त्या बाहीवरून अंगठा फिरवत राहिले. माझी पाचावर धारण बसली. शेवटी म्हणाले, तो मला रोज म्हणायचा, हा डाग कुणाकडून तरी काढून आण. मी आळस केला. आता झालं काम. मी त्यांचे पाय धरायला वाकलो आणि कंबर धरली, ती ही.

काठीवाल्या बाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या, हे नंतर कळलं. त्यांनी जाऊन आपल्या मंडळींना काय सांगितलं देव जाणे, पण घरी कोणी गेलं नाही. वरचं व्याख्यान राहू दे म्हणाले. त्यांनी आमच्याकडून एकेक कोट मागून घेतला आणि आपापल्या खुर्चीत मांडीवर घेऊन बसले, प्लास्टिकच्या पिशवीसकट. उत्तरार्धात सगळी हळू आवाजातली गाणी होती, आणि प्रत्येक गाण्यात पहिल्या रांगेतून पिशव्यांची चुरचुर. पोस्टमनसाहेबांनी डॉक्टरांचा कोट असा घट्ट धरला होता की माझी सगळी इस्त्री मोडली. मास्तर म्हणतात, इतक्या वर्षांत आम्ही असं कधी गायलो नव्हतो. मी लाल गोलांत गप्प राहिलो, आणि गोलांबाहेरही.

तर अशी माझी फजिती. नको तिथे शहाणपणा केला आणि डझनभर माणसांना त्यांच्या घरची माणसं दाखवून परत काढून घेतली. तुम्ही दोघं नव्हता ते बरं, नाहीतर दादाला आणखी एक विषय मिळाला असता. माझ्याबद्दल वाईट वाटून घेऊ नका, मी मजेत आहे. खांद्याला शेक देत जा. तुमच्या घरी आता लहान कुणी उरलं नाही, तेव्हा आशीर्वाद कुणाला द्यायचे ते तुम्हीच ठरवा. मला दिलेत तरी चालतील.

तुमचा दीर,
(इस्त्रीवाला)

ता. क. पुढचा कार्यक्रम येत्या महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी, त्याच हॉलमध्ये. तुमच्याकडून थेट बस आहे. माझा कोट राखाडी आहे. माहितीसाठी लिहिलं, आग्रह नाही.

ता. क. दुसरा. वहिनी, तुम्ही आला नाहीत ते बरं झालं असं वर दोनदा लिहिलंय. ते दोन्ही वेळा खोटं आहे. त्या मोजणीवाल्या गृहस्थांनी मला 'कोण गायलं' विचारलं तेव्हा मी हसून 'मीच' म्हणालो, आणि मग मागच्या बोळात जाऊन रडलो. एवढं वाक्य जरा हळू वाचा.

ता. क. तिसरा. वहिनी, इथून पुढचं वाचू नका. कागद टेबलापलीकडे द्या.

दादा, टीव्ही बंद कर. तुला माझ्याशी बोलावं लागणार नाही, कार्यक्रम चालू असताना बोलायला तशीही मनाई असते. गाणं आवडायला हवं असं नाही. मी जो आहे तो तुला पटायला हवा असंही नाही, निदान त्या संध्याकाळपुरतं. ('संध्याकाळपुरतं' हा शब्द मी खोडला होता, मग परत लिहिला.) तू पंख्याकडे बघत बसलास तरी चालेल. मी बेसूर झालो तर तुला कळेलच, बाकीचे सगळे माझं कौतुक करतात, त्यांच्यावर माझा विश्वास नाही. त्या काठीवाल्या बाईंनी परवा दुकानात येऊन विचारलं, तुमच्या खुर्चीत कोणी येणार नसेल तर मी बसते. फार चांगल्या बाई आहेत, जाता-येता माझी चौकशी करतात. पण मला तू हवा आहेस.